लडाखी घराची हिवाळी बेगमी

लेह शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५०० मीटर उंचीवर वसलेले असून तेथील वर्षाचा जवळजवळ अर्धा भाग हिवाळ्याच्या हिशेबात जातो. जानेवारीत रात्रीचे तापमान शून्याखाली १५ अंशांपर्यंत उतरणे ही लेहमध्ये नित्याची बाब आहे, द्रासच्या खोऱ्यात ते याहूनही बरेच खाली जाते, आणि काश्मीरमधून लडाखात येणाऱ्या रस्त्यावरील झोजी ला ही खिंड पूर्वी एकदा बर्फाने बंद झाली की वसंत सरताना कोठे उघडत असे. मधल्या पाच-सहा महिन्यांत घरात जे साठवलेले असेल त्यावरच माणसांना आणि जनावरांना निभावून न्यावे लागे. कोकणात पावसाळ्यापूर्वी जशी आगोटीची घाई उडते, पडवीत सरपण रचले जाते, सुकी मासळी आणि आमसुले भरून ठेवली जातात, तशीच घाई लडाखी घरात ऑगस्टपासून सुरू होते. मात्र कोकणातील घराला पाणी बाहेर ठेवायचे असते आणि लडाखी घराला ऊब आत राखायची असते, शिवाय तेथे झाडे इतकी विरळ आहेत की लाकूड जाळून मनसोक्त ऊब करण्याची चैन सामान्य कुटुंबाला कधी परवडलीच नाही. म्हणून तेथील हिवाळी तयारीचे सारे शास्त्र एका क्रमावर उभे आहे: आधी ऊन घरात घ्यायचे, मग फटी बुजवायच्या, आणि या दोन्हींनंतर जी उणीव उरेल तेवढ्यापुरतेच इंधन जाळायचे. हा क्रम उलटला की काय होते, हे गेल्या काही दशकांत उभ्या राहिलेल्या सिमेंटच्या घरांनी दाखवून दिले आहे.

या शास्त्राचा पाया तेथील आकाशात आहे. हिमालयाची मुख्य रांग मोसमी ढगांना अडवत असल्यामुळे लेहमध्ये पाऊस आणि बर्फ मिळून वर्षाकाठी जेमतेम १०० मिलिमीटरच्या आसपास पडतो. अशा प्रदेशाला थंड वाळवंट म्हणतात. हवा विरळ आणि कोरडी, आकाश बहुतेक दिवस निरभ्र, त्यामुळे दिवसा ऊन प्रखर असते आणि रात्री जमिनीतील उष्णता झपाट्याने आकाशात निसटून जाते. लेहच्या अक्षांशावर, म्हणजे सुमारे ३४ अंश उत्तरेस, २१ डिसेंबरच्या भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम ३२ अंश वर असतो, तर २१ जूनला तो ७९ अंशांपर्यंत, जवळजवळ डोक्यावर येतो. या दोन कोनांतील अंतर हेच तेथील गवंड्याचे खरे भांडवल होय. हिवाळ्याच्या दुपारी आडव्या छपरापेक्षा दक्षिणेकडील उभ्या भिंतीवर सुमारे दीडपट ऊन पडते, आणि जमिनीपासून दोन मीटर उंच असलेल्या दक्षिणमुखी खिडकीतून शिरलेले किरण खोलीत तीन मीटरपेक्षा आत पोचतात. उन्हाळ्यात मात्र त्याच खिडकीवरचा अर्ध्या मीटरचा छज्जा तिला भर दुपारी पूर्ण सावलीत ठेवतो. उत्तरेकडील भिंतीला हिवाळ्यात उन्हाचा कवडसाही मिळत नाही, म्हणून जुन्या घरांत त्या बाजूला खिडकी जवळजवळ नसतेच, आणि असलीच तर ती झरोक्याएवढी असते.

भिंतींचा खालचा भाग दगडाचा आणि वरचा उन्हात वाळवलेल्या कच्च्या विटांचा असतो, आणि त्यांची जाडी सहसा दीड ते दोन फूट भरते. जाड मातीच्या भिंतीमुळे घर उबदार राहते असे सरसकट म्हटले जाते, पण त्या विधानात दोन निराळे गुण एकत्र कालवले गेलेले आहेत. उष्णता साठवून ठेवणे हा एक गुण, आणि उष्णतेला पलीकडे जाऊ न देणे हा दुसरा. माती पहिल्या गुणात उत्तम आणि दुसऱ्यात साधारण आहे. दक्षिणेच्या भिंतीवर दुपारी पडलेले ऊन मातीतून हळूहळू सरकत आतल्या बाजूला पोचायला दहा-बारा तास लागू शकतात, म्हणजे जेव्हा बाहेर सर्वांत जास्त थंडी असते नेमकी तेव्हा ती भिंत आतून ऊब सोडू लागते. ज्या भिंतीवर ऊन पडतच नाही तिच्याबाबतीत हा लाभ शून्य असतो, कारण साठवायलाच काही नसते आणि घरातील ऊब त्या भिंतीतून बाहेर झिरपत राहते. अशा भिंतीला उष्णतारोधक थर लागतो, आणि पेंढा, गवत, लाकडाचा भुसा यांसारख्या पदार्थांत अडकून पडलेली स्थिर हवा हे काम सर्वांत स्वस्तात करते. जुन्या घरांत उत्तरेच्या अंगाला धान्याची आणि चाऱ्याची कोठारे ठेवण्यामागे हाच हिशेब दिसतो; ज्या खोलीत कोणी बसायचे नाही ती थंडीच्या तोंडी द्यावी, हा रोखठोक शहाणपणा त्यात आहे.

छपराची बांधणी मराठवाड्यातील माळवदाशी परिचय असलेल्यांना ओळखीची वाटेल. पॉप्लरच्या तुळया, त्यांवर सोललेल्या वाळुंजाच्या काठ्या एकमेकींना चिकटून मांडलेल्या, त्यांना लडाखीत तालू म्हणतात; काठ्यांवर वाळलेल्या झुडपांचा आणि गवताचा थर, त्यावर तुडवून घट्ट केलेली माती, आणि सर्वांत वर मरकलक नावाच्या चिकट मातीचा लेप, असा हा पाच पदरी पसारा असतो. गवताचा पदर ऊब अडवतो, मातीचा पदर ती साठवतो आणि मरकलक पाणी अडवते. माळवदाला जशी पावसाळ्यापूर्वी खारी माती चढवावी लागते, तसे येथे शरद ऋतूत छपरावर चढून उन्हाळ्यात पडलेल्या भेगा ओल्या मातीने बुजवल्या जातात, पन्हळी साफ केल्या जातात आणि बर्फ ढकलायची लाकडी फावडी हाताशी ठेवली जातात, कारण मातीच्या छपराला बर्फाचे भय नसून त्याच्या वितळण्याचे भय असते. पडलेला बर्फ कोरडा आणि भुसभुशीत असतानाच खाली लोटला तर आतल्या खोलीत थेंब येत नाही. याच छपरावर लसूणघास, जवाचे काड आणि डोंगरउतारावरून आणलेला झाडोरा यांच्या गंजी रचतात. कठड्याच्या कडेने रचलेली सरपणाची नीटस रांग ही पुष्कळदा जाळण्यापेक्षा मिरवण्याची असते, घराच्या सुबत्तेची खूण म्हणून ती वर्षानुवर्षे तशीच राहते. चाऱ्याच्या गंजीचा मात्र थंडीत छपराला आपोआप पांघरुणासारखा उपयोग होतो.

एवढे करूनही दोन-तीन मजली घर संपूर्ण उबदार ठेवणे शक्य नसते, आणि लडाखी कुटुंबाने तसा हट्ट कधी धरलाही नाही. हिवाळा सुरू झाला की घर आकसते. वरच्या मजल्यावरील हवेशीर दिवाणखाना आणि पाहुण्यांच्या खोल्या बंद होतात, देवघरात फक्त पूजेपुरते जाणे होते, आणि सारे कुटुंब स्वयंपाकघरात मुक्काम हलवते. हे स्वयंपाकघर म्हणजे घरातील सर्वांत मोठी आणि बहुधा सर्वांत आतली खोली असते: मध्ये चूल, भिंतीला लागून तांब्या-पितळेच्या भांड्यांची मांडणी, जमिनीवर नमदे आणि गालिचे, त्यांवर बुटकी मेजे. जमिनीवर बसण्याची पद्धत येथे सोयीची ठरते, कारण खोलीचे छत बुटके ठेवता येते आणि जेवढी हवा कमी तेवढी ती तापवायला इंधन कमी लागते. खालच्या मजल्यावर गोठा असतो. गाई, झो (याक आणि गाय यांच्या संकरातले जनावर) आणि शेळ्यामेंढ्या यांच्या अंगची ऊब लाकडी तक्तपोशीतून वर येते, आणि झांस्करसारख्या अधिक कडक थंडीच्या भागात तर माणसेच हिवाळ्यापुरती खालच्या, गोठ्याला लागून असलेल्या अंधाऱ्या खोलीत राहायला जात. उजेड आणि ऊब यांपैकी एकच मिळणार असेल तर ऊब घ्यावी, असा तो निर्णय होता, आणि चांगल्या काचा नसलेल्या काळात तो योग्यच म्हणावा लागेल.

घर आकसल्यानंतर फटींचे काम येते, आणि या टप्प्यावर थोड्या पैशांत सर्वाधिक फायदा होत असूनही नव्या घरांत नेमका हाच टप्पा गाळला जातो. लाकडी चौकट आणि मातीची भिंत यांच्या सांध्यात लाकूड सुकल्यामुळे दरवर्षी बोटभर नसली तरी नखभर फट पडते; थंड हवा जड असल्याने ती खालच्या फटींतून आत येते आणि गरम हवा वरच्या फटींतून बाहेर जाते, त्यामुळे खोलीत वारा जाणवत नसतानाही तासाभरात बरीचशी हवा बदलून गेलेली असते. उदबत्ती पेटवून चौकटीच्या कडेने सावकाश फिरवली तर धूर जेथे वाकतो किंवा थरथरतो तेथे फट आहे असे समजावे. अशा फटींत चिंध्या, लोकर किंवा मातीचा लगदा ठासून भरतात, दाराच्या उंबऱ्याशी जाड कापडाची गुंडाळी ठेवतात आणि खिडकीच्या आतल्या बाजूने पारदर्शक प्लॅस्टिक ताणून पट्ट्यांनी ठोकतात. काच आणि प्लॅस्टिक यांच्यामध्ये कोंडलेली दोन-तीन बोटे रुंदीची हवा हीच खरी रोधक असते. दुहेरी काचेची खिडकीही याच तत्त्वावर चालते, फक्त ती महाग पडते. सूर्य मावळताच जाड पडदा ओढून घेणे हा या व्यवस्थेचा अविभाज्य भाग आहे, कारण दिवसा ऊन आत घेणारी मोठी काच रात्री त्याच वाटेने ऊब बाहेर सोडत असते.

इंधनाचा विचार यानंतर. गाई आणि झो यांच्या शेणाच्या गोवऱ्या हे लडाखचे पारंपरिक इंधन होय, आणि पूर्वेकडील चांगथांगच्या पठारावर याक आणि मेंढ्यांच्या लेंड्याही गोळा करून वाळवल्या जातात. उन्हाळाभर चाललेले हे काम थांबले तर हिवाळ्यात पैसे देऊनही भागत नसे. पुढे रॉकेल, कोळसा, आयात लाकूड आणि गॅस आले, आणि पत्र्याची बुखारी, म्हणजे धुराड्याला नळी जोडलेली बंदिस्त शेगडी, घरोघर दिसू लागली. बुखारी पेटवण्यापूर्वी तिची नळी उतरवून आतली काजळी झाडणे, सांधे घट्ट बसवणे आणि नळीचे छपराबाहेरचे तोंड मोकळे असल्याची खात्री करणे ही शरदातील अनिवार्य कामे आहेत, कारण अपुऱ्या हवेत इंधन जळले की कार्बन मोनॉक्साइड हा रंग आणि वास नसलेला विषारी वायू तयार होतो. फटी बुजवण्याचा उत्साह येथे जिवावर बेतू शकतो: ज्या खोलीत काही जळते आहे त्या खोलीला बाहेरची हवा येण्याची एक ठरावीक, मुद्दाम ठेवलेली वाट असलीच पाहिजे, आणि झोपताना शेगडी विझवलीच पाहिजे. स्वयंपाकाच्या गॅसची अडचण निराळी आहे. सिलिंडरमधील ब्यूटेन शून्याच्या किंचित खालीच उकळतो, त्याहून अधिक थंडीत तो द्रवरूपातच बसून राहतो, म्हणून बाहेर ठेवलेले अर्धे भरलेले सिलिंडर सकाळी रिकामे असल्यासारखे वागते. डिझेलही कडाक्याच्या थंडीत मेणासारखे साकळते. त्यासाठी शून्याखाली ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे खास हिवाळी डिझेल इंडियन ऑइलने २०१९ मध्ये लडाखसाठी आणले.

खाण्याची तजवीज तुलनेने सोपी असते, कारण कोरडी हवा आणि थंडी या दोन्ही साठवणीला अनुकूल आहेत. पालेभाज्या, शलगमाच्या चकत्या आणि जर्दाळू छपरावर वाळवले जातात; ताकापासून केलेले छुरपे हे टणक चीज वर्षभर टिकते; भाजलेल्या जवाचे पीठ डब्यांत भरले जाते; बटाटे, गाजरे आणि मुळे मात्र वाळवत नाहीत, ते अंगणातील किंवा तळघरातील खड्ड्यात मातीखाली पुरून ठेवतात. महाराष्ट्रात धान्यासाठी जे पेव काढत त्याच जातीचा हा खड्डा, परंतु हेतू वेगळा: दीड-दोन मीटर खोलीवर जमिनीचे तापमान गोठणबिंदूच्या वर राहते, त्यामुळे भाजी ना गोठते ना कोंब धरते.

पाण्याच्या बाबतीत जुने घर नव्या घरापेक्षा निर्धास्त होते, कारण त्यात नळच नव्हते. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्क्यांनी फुगते आणि लोखंडी नळही फोडते. म्हणून नळ जमिनीत जेथे दंव पोचत नाही अशा खोलीवर टाकावे लागतात, आणि घरातील वाहिन्या रोज रात्री तळाच्या तोटीतून रिकाम्या कराव्या लागतात. हे न केलेल्या कित्येक अतिथिगृहांत हिवाळाभर नळ कोरडे असतात आणि शौचकूपाला कुलूप असते. पारंपरिक लडाखी शौचकूपाला पाणी लागत नाही: वरच्या मजल्यावरील खोलीच्या जमिनीला एक भोक, खाली बंद कोठी, आणि प्रत्येक वापरानंतर फावडेभर माती किंवा राख. म्हणून शरदात घरात आणून ठेवायच्या वस्तूंमध्ये कोरड्या मातीचा ढीगही मोडतो, कारण जमीन गोठल्यावर ती खणता येत नाही.

पर्यटनाचा पैसा आला तशी सिमेंटच्या ठोकळ्यांची घरे वाढली. पक्के घर म्हणून त्यांना प्रतिष्ठा मिळाली, परंतु काँक्रीट मातीपेक्षा साधारण दुपटीने उष्णता वाहून नेते, या भिंती जुन्यांच्या निम्म्याही जाड नसतात, आणि हिमशिखरे दिसावीत म्हणून मोठ्या काचा कोणत्याही दिशेला बसवल्या जातात. दृश्य पाहायला येणारा पाहुणा जुलैमध्ये येऊन जातो आणि जानेवारीत त्या काचेसमोर बुखारी पेटवून बसणे घरधन्याच्या वाट्याला येते. यावरचा उतारा मात्र जुन्या घराकडे जसेच्या तसे परतण्यात नाही, कारण अंधारी, धुरकट खोली आता कोणालाच नको आहे. जुना क्रम आणि नवी काच यांचा मेळ घालण्यात तो आहे. त्याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे ट्राँब भिंत. फेलिक्स ट्राँब या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या रचनेत दक्षिणेच्या जाड मातीच्या भिंतीला बाहेरून काळा रंग देतात आणि तिच्यापुढे वीतभर अंतरावर काच उभी करतात. काचेतून आत आलेले ऊन काळ्या भिंतीत मुरते, पण भिंतीने परत सोडलेली उष्णता काचेतून सहजी बाहेर पडत नाही. भिंतीच्या तळाशी आणि माथ्याशी झरोके ठेवले तर मधली तापलेली हवा वरच्या झरोक्यातून खोलीत शिरते आणि खोलीतील गार हवा खालच्या झरोक्यातून तिच्या जागी येते. हे झरोके रात्री न विसरता बंद करावे लागतात, नाहीतर चक्र उलटे फिरून खोलीच थंड पडते. लडाखमध्ये ट्राँब भिंतींच्या आणि घराला जोडलेल्या हरितगृहांच्या प्रसाराचे काम १९८३ मध्ये स्थापन झालेल्या लडाख इकॉलॉजिकल डेव्हलपमेंट ग्रुपने केले. १९८८ मध्ये सोनम वांगचुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरू केलेल्या सेकमोल या शैक्षणिक संस्थेचे फे गावाजवळील आवार तर मातीच्या भिंती आणि दक्षिणेची काच यांच्याच आधारावर उभे आहे: हिवाळा आला की इमारतीच्या दक्षिण अंगावर प्लॅस्टिकचे हरितगृह चढवतात, उन्हाळा आला की ते उतरवतात, आणि बाहेर शून्याखाली १५ अंश असतानाही आतील खोल्या शेगडीविना राहण्याजोग्या असतात. हरितगृहात भर जानेवारीत पालक आणि कोथिंबीर मिळते, हा वरकड लाभ.

लडाखचा एकाकीपणा आता पूर्वीसारखा राहिलेला नाही. श्रीनगर-लेह वीजवाहिनीचे उद्घाटन २०१९ मध्ये झाले, अटल बोगदा २०२० मध्ये आणि सोनमर्गचा बोगदा २०२५ मध्ये खुला झाला, झोजी ला खिंडीखालच्या बोगद्याचे काम चालू आहे, आणि खिंड बंद राहण्याचा काळही आता पुष्कळ घटला आहे. त्यामुळे वाळवणाची आणि चाऱ्याची गरज शहरात तरी कमी होत जाईल, पण घराची दिशा आणि भिंतीचा थर यांचा हिशेब रस्ता खुला झाल्याने बदलत नाही. स्वस्त झालेली वीज गळक्या घरात ओतणे तेवढे सोपे होते. उलट दिशेने येणारी अडचण पावसाची आहे. ऑगस्ट २०१० मधील ढगफुटीने लेहमध्ये मोठी जीवितहानी केली, आणि अशा मुसळधार पावसासाठी मातीचे छपर बांधलेलेच नसल्यामुळे अनेक कुटुंबे आता वर पत्रा घालतात. पत्रा पाणी अडवतो पण ऊब अजिबात अडवत नाही, म्हणून तो मातीचा थर काढून टाकून त्याच्या जागी बसवण्याऐवजी त्याच्यावर, मध्ये हवेला वाव ठेवून बसवणे हाच शहाणपणाचा मार्ग ठरतो.

झांस्करच्या खोऱ्यात, जेथे बर्फ लेहपेक्षा बराच जास्त पडतो आणि शेतीला उन्हाचे दिवस फार थोडे मिळतात, शरदातील साठवणीत आणखी एक पदार्थ असतो. शेतकरी कोरडी माती टोपल्यांनी वाहून घराच्या आडोशाला, न गोठेल अशा जागी रचून ठेवतात आणि वसंताच्या सुरुवातीला ती शेतावरील बर्फावर पातळ पसरतात. पांढरा बर्फ ऊन परतवतो आणि काळपट माती ते शोषून घेते, त्यामुळे माती पसरलेले शेत शेजारच्या शेताआधी मोकळे होते आणि जवाची पेरणी तेवढी लवकर साधते.